मुळं नसलेली अळंबी

पूनम सागर सोसायटीच्या फाटकाशी सरूबाई भाजी घेऊन बसायची. श्रावणात पंधरा-वीस दिवस तिच्या टोपलीत रानातली अळंबी असायची, पळसाच्या पानात बांधलेली. ती संपेपर्यंत बाकीच्या भाजीकडे कुणी बघत नसे.

सरूबाई इथल्याच नवघर गावातली. लग्न होऊन आली तेव्हा या बिल्डिंगांच्या जागी भातखाचरं होती आणि बांधावर वारुळं. तिथेच ती अळंबी काढायची. बिल्डिंगा आल्या, वारुळं गेली. मग ती वसईच्या पुढे बहिणीच्या गावी जाऊन आणू लागली. नियम मात्र जुनाच. स्वतःच्या हातानं उपटलेलंच विकायचं, आणि पहिल्या दिवशीचं घरच्यांनी खायचं. दुसऱ्या दिवशी सगळे धडधाकट दिसले, की त्याच वारुळावरची टोपलीत.

दुकानातल्या पॅकेटातल्या मश्रूमवर तिचा भारी राग.

"अंधाऱ्या खोलीत वाढवतात. ऊन न्हाय, पाऊस न्हाय. अंगी काय लागणार?"

२००७ च्या श्रावणात हे बोलणं तिच्याच अंगाशी आलं.

त्या दिवशी तिची अळंबी केव्हाच संपली होती. बी विंगमधल्या मृणालिनीताई आल्या. त्यांचे यजमान गुणवंतराव गुडघ्यांनी बेजार होते. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व कमी असल्याचं सांगितलेलं. ताईंच्या पर्समध्ये पेपरचं कात्रण होतं. ऊन मिळालेल्या अळंबीत हे जीवनसत्त्व जास्त, अंधारात वाढवलेल्यात फारसं नाही. आणि हातात स्टीलचा डबा.

"सरूबाई, तुमच्यासारखीच आहेत ना, बघा. सोसायटीच्या बागेत उगवलीत. ढीगभर! आज ह्यांना रस्सा करून घालते."

सरूबाईनं डबा उघडला. पांढरीशुभ्र अळंबी. धुतलेली, देठ सुरीनं कापलेले. अगदी पॅकेटातल्यासारखी.

"मुळं कुठं हायत?"

"टाकली. मातीनं भरलेली होती."

"मग मी काय सांगू? वारुळाच्या अळंबीचं मूळ लांब खाली जातं. ते बघून वळखते मी."

"अहो, तुम्ही इथेच तर काढायचात!"

"तवाची माती आमची होती. तुमच्या बागेतली ट्रकातनं आलीय. तिला मी वळखत न्हाय."

ताई फणकारल्या. "सरळ सांगा ना, आम्हाला फुकट मिळालं ते बघवत नाही."

बोलणं झोंबलं. जाऊ दे, खाऊ दे, असं सरूबाईला क्षणभर वाटलंही. पण गुणवंतराव रोज सकाळी काठी टेकत यायचे आणि "काय सरूबाई, राम राम" म्हणायचे. तिनं डबा उचलला आणि गटारात उपडा केला.

"सरूबाई!" ताई किंचाळल्या.

वॉचमन धावत आला. "क्या हुआ?"

"कुछ नहीं. टोपली देख जरा," म्हणत सरूबाई तरातरा समोरच्या दुकानात शिरली. बाहेर आली ती हातात मश्रूमचं पॅकेट घेऊन. तिच्या उभ्या जन्मातलं पहिलं.

"घ्या. हे काय हाय ते ठाऊक तरी हाय."

"तुम्हीच म्हणता ना, ह्यानं काही अंगी लागत नाही?"

"कागदात उन्हाचंच लिवलंय ना? मग दाखवा की यांना ऊन."

ताईंनी कात्रण पुन्हा काढलं. शेवटच्या ओळीत तेच होतं. कापून उन्हात ठेवली, तर अंधारातल्या अळंबीतही ते जीवनसत्त्व वाढतं. ताई पॅकेट घेऊन गेल्या.

दुपारी उघडीप झाली. बी विंगच्या दुसऱ्या मजल्यावर, गॅलरीत, ताटभर चकत्या ऊन खात पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी गुणवंतराव काठी टेकत आले. मागे ताई.

"काय सरूबाई, काय अळंबी दिलीत! रानातलं ते रानातलंच. नाहीतर ती पॅकेटातली. नुसतं रबर!"

ताईंनी त्यांच्या पाठीआडून हात जोडले.

सरूबाईनं हसू दाबलं. दरवर्षी घरच्यांना न्याहाळायची तसं तिनं गुणवंतरावांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"पोट बरं हाय?"

"एकदम."

"मग झालं," ती म्हणाली, आणि मेथीच्या जुड्या मांडू लागली.