ब्रुकलिन ब्रिज कुणीच का पाहत नव्हतं

“जाधव-सान, ही मंडळी भर दुपारी हॉटेलवर का परततात?” माझ्या मॅनेजर मोरिता-सान यांनी पुन्हा विचारलं. 

समोरच्या स्क्रीनवर न्यूयॉर्कचा नकाशा होता. टोकियोतली एक ट्रॅव्हल कंपनी आमची क्लायंट. न्यूयॉर्क पाहायला जाणाऱ्या जपानी ज्येष्ठांसाठी आम्ही अ‍ॅप बनवत होतो. सकाळी सेंट्रल पार्क, मग म्युझियम, बोटीने स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि सूर्यास्ताला ब्रुकलिन ब्रिज. कमी चालून जास्त पाहता येईल असा रस्ता शोधायचा, याला रूट ऑप्टिमायझेशन म्हणतात. ते माझं काम.

अ‍ॅप बाजारात आणण्यापूर्वी काही खऱ्या प्रवाशांना वापरायला देतात. तो पायलट. आमच्या पायलटमधले प्रवासी पुतळ्यापर्यंतही न जाता हॉटेलवर परतले. आम्ही ठिकाणं कमी केली. दुसऱ्या पायलटमध्येही तेच. अभिप्रायात सगळ्यांनी एकच लिहिलं होतं : “सुंदर शहर. थोडे दमलो.”

क्लायंटने शेवटची एक संधी दिली. ती हुकली तर प्रोजेक्ट बंद आणि माझं कॉन्ट्रॅक्टही. मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. करमाळ्याहून आईवडिलांनी मला इथवर पोचवलं होतं. मुलगी इथे टोकियोत, फुनाबोरीच्या शाळेत नुकती रुळली होती. हात हलवत परत जायचं नव्हतं.

मी पायलटमधल्या ओकादा-सान यांना फोन केला. त्या निवृत्त शिक्षिका. पतीबरोबर गेल्या होत्या.

“पार्कमध्ये कॉफी घेतलीत का?” मी सहज विचारलं.

“छे, छे. बाहेर पडल्यावर आम्ही पाणीसुद्धा प्यायलो नाही.”

ते ऐकून मी थबकलो. एसटीने लांब जायचं असलं की आई आणि मावशी सकाळपासून पाण्याला शिवायच्या नाहीत. का, ते आमच्या घरात सांगावं लागत नसे.

जपानमध्ये असं विचारणं बरं दिसत नाही. तरी विचारलं. “ओकादा-सान, माफ करा. टॉयलेट सापडत नव्हतं का?”

 त्या खळखळून हसल्या. “अहो, हे विचारणारे तुम्ही पहिलेच! नवऱ्याला तर दुपारनंतर हॉटेलशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं!”

टोकियोत स्टेशन, बाग, कोपऱ्यावरचं चोवीस तास उघडं असणारं कोन्बिनी दुकान, सगळीकडे स्वच्छ आणि फुकट सोय असते. त्यामुळे आमच्या मीटिंगमध्ये हा विषय कुणाला सुचलाच नाही. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर ती सहज सापडत नाही. आणि आमचे प्रवासी इतके सभ्य, की लिहिताना फक्त “दमलो” म्हणाले.

मी रूट नव्याने बांधला. सार्वजनिक वाचनालयं, मोठी दुकानं, म्युझियम, बोटीचा धक्का, जिथे जिथे सोय होती ती ठिकाणं घातली. सोयीच्या दोन ठिकाणांमध्ये फार अंतर पडलं तर अ‍ॅप रस्ताच बदलायचं.

क्लायंटच्या बुचोंनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, ते पाहिलं आणि भुवया चढवल्या. “लोक न्यूयॉर्क बघायला जातात. आम्ही त्यांना टॉयलेटं दाखवायची?”

मोरिता-सान एरवी क्लायंटसमोर मान तुकवूनच बोलायच्या. त्या दिवशी मान ताठ ठेवून म्हणाल्या, “बुचो, आत्तापर्यंत आपण त्यांना हॉटेलच दाखवलंय.”

 बुचोंनी नकाशावर ब्रिज शोधला. मग हळूच म्हणाले, “ब्रिजजवळचं टॉयलेट स्वच्छ आहे ना?”

“हो,” मी म्हणालो.

“मग करा.”

तिसरा पायलट गेला. न्यूयॉर्कमध्ये दिवस, म्हणून मी इकडे रात्रभर ऑफिसात नकाशावरचे प्रवाशांचे ठिपके बघत बसलो होतो. पार्क, म्युझियम, धक्का. ठिपके बोटीत चढले, पुतळ्यापाशी रेंगाळले, परत आले. हॉटेलकडे एकही वळला नाही. आमच्याकडे सकाळ झाली तेव्हा एकेक करत सगळे ब्रिजवर गेले. मोरिता-सान टेबलावर हात आपटून चक्क ओरडल्या. पलीकडची टीम उभी राहून बघायला लागली. मी आईला व्हिडिओ कॉल केला आणि काय केलं ते सांगितलं. ती म्हणाली, “एवढं कळायला इंजिनिअर व्हावं लागतं व्हय?”

क्लायंटने शिकागो आणि सॅन फ्रान्सिस्कोचंही काम आम्हालाच दिलं. कॉन्ट्रॅक्ट वाढलं. मी एवढं शिकलो : माणसाला काय पाहायचंय हे सगळेच विचारतात. तो किती वेळ कळ काढू शकतो, हेही विचारून घ्यावं.