एकाच खुंटीवरचा गाऊन

"तुह्या अंगावरचा गाऊन मंग दुसऱ्या कोणी घालावा?"

साथीच्या रोगांच्या सरकारी हॉस्पिटलच्या दारात चौकीदारानं मला हे विचारलं. मोठ्यानं विचारलं, म्हणजे मागच्या रांगेलाही ऐकू जावं. त्याआधी त्यानं एकच गोष्ट विचारली होती, "कोणत्या वस्तीतली वं तू?" मी वस्तीचं नाव सांगितलं. नागपुरात तेवढं पुरतं. जात वेगळी विचारावी लागत नाही.

"मंग मी आत कशी जाऊ?" मी म्हटलं.

"गाऊनबिगर आत जाता येत नाही. कायदा हाय. मांगून जाय अन् खिडकीतून पाहून घे."

रांगेत कोणीतरी हसलं. मी मान खाली घातली आणि मागून गेले. त्या दिवशी गेले, हे खरं आहे.

सत्तरच्या दशकातला उन्हाळा होता. शहरात हैजा, म्हणजे कॉलरा, पसरला होता. नळाला चहाच्या रंगाचं पाणी यायचं. हॉस्पिटलात खाटा कमी पडल्या, तेव्हा पेशंट व्हरांड्यात सतरंज्यांवर आले. भेटायला येणाऱ्यांसाठी नियम होते. एका पेशंटपाशी एका वेळी एकच माणूस. आत जाताना आणि बाहेर येताना साबणानं हात धुवायचे. आत काही खायचं नाही. आणि घरच्या कपड्यांवर पांढरा गाऊन. दारापाशी खुंट्या होत्या, त्यांवर मोजके गाऊन. एकानं काढला की तोच दुसऱ्यानं घालायचा. संध्याकाळी सगळे उकळायला जायचे. नियमाला मी नावं ठेवत नाही. आमच्या गल्लीतून मयती निघालेल्या मी पाहिल्या होत्या. मला तो रोग घरी न्यायचा नव्हता आणि आत सोडायचाही नव्हता.

ते गाऊन उकळायचं कोण? माझी माय.

हॉस्पिटलच्या मागं धुलाईघर होतं. मोठ्या भट्टीवर सोड्याच्या पाण्यात चादरी, लंगोट, गाऊन रटारटा उकळायचे. माय आणि आमच्याच वस्तीतल्या बाया लांब काठीनं ते ढवळायच्या. माय मूळची कुहीकडची. चिखलात उभं राहून धान लावलेली बाई. भट्टीची वाफ तिला काय करणार? पण हैज्याच्या चादरी भट्टीत टाकायच्या आधी उघड्या हातांनी खंगाळाव्या लागत. त्यातच तिला लागण झाली. तिच्याच हॉस्पिटलात, तिनंच धुतलेल्या चादरीवर तिला आणून टाकलं. आणि तिच्या हातानं उकळलेला गाऊन तिच्या पोरीच्या अंगाला चालत नव्हता. वा रे कायदा!

खिडकीतून मला माय दिसली. डोळे खोल गेलेले. हाताला सलाईन. ओठांवर पापड्या. स्टुलावर पाण्याचा ग्लास भरलेला होता, पण तिचा हात तिथवर पोचत नव्हता. शेजारच्या खाटेवर इतवारीतल्या एका किराणा व्यापाऱ्याची आई होती. तिची सून गाऊन घालून चमच्यानं तिला पाणी पाजत होती. नर्स खिडकीपाशी आली. ती केरळची होती, मोडकं मराठी बोलायची. म्हणाली, "सलाईन पुरत नाही. घोट घोट पाणी पाहिजे. मी किती लोकांना देणार? घरचा माणूस आत पाठव." मी म्हटलं, घरचं माणूस मीच आहे. तिनं माझ्याकडं पाहिलं, दाराकडं पाहिलं आणि दुसऱ्या पेशंटकडं निघून गेली.

मी काच वाजवली. मायनं डोळे उघडले नाहीत. रोगानं माय मेली तर रडेन, पण पाण्याचा ग्लास हातभर अंतरावर असताना तहानेनं मेली तर? मग मी कोणाला माफ करणार होते? त्या रात्री माझा डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मी बिड्या वळायचे त्या कारखान्यात खाडा केला आणि पुन्हा दारात गेले. चौकीदार तोच. गाऊन मागितला. "काल सांगतलं ना तुले? काहून डोकं खाऊन राह्यली?" तो म्हणाला. तेवढ्यात ती व्यापाऱ्याची सून बाहेर आली. तिनं गाऊन काढून खुंटीला टांगला. मी पुढं झाले, तो काढला आणि अंगात घातला. मागचे बंद बांधले. मग शांतपणे नळावर हात धुवायला लागले.

"ए! काढ! काढ म्हणतो ना!" चौकीदार धावत आला. त्याचा हात माझ्या खांद्यापर्यंत आला आणि थांबला. तिथंच. हवेत.

मला समजायला एक क्षण लागला. तो मला हात लावू शकत नव्हता. गाऊन काढायचा तर मला धरावं लागणार होतं. बाईमाणूस म्हणून तो अडला नव्हता. कालच एका गोऱ्या-गोमट्या बाईचं मनगट धरून त्यानं तिला रांगेत मागं ढकललेलं मी पाहिलं होतं. हा माझ्या वस्तीच्या नावाला अडला होता. ज्या विटाळानं आमच्या बापजाद्यांना विहिरीवरून हाकललं, तोच आज त्याचा हात धरून उभा होता. मला हसू आलं. राग होता तसाच, आणि तरी हसू येत होतं.

"हात लावा नं," मी म्हटलं. "काढा गाऊन. धरा मले."

त्यानं हात मागं घेतला. रांग पाहत होती. मी साबण जागेवर ठेवला आणि आत गेले.

मायचं डोकं उचलून मी चमच्यानं पाणी पाजलं. पहिला चमचा ओठांवरून ओघळला. दुसरा गेला. ग्लास संपला तेव्हा तिनं डोळे उघडले. पहिला शब्द माझं नाव नव्हता. "गाऊन कोनं देल्ला?" तिनं विचारलं.

"मीच घेतला."

तिनं डोळे मिटून घेतले. "माही नोकरी जाईन वं," म्हणाली. अंगातलं सगळं पाणी निघून गेलं होतं, भीती मात्र जशीच्या तशी होती. मायचा राग आला मला. मग तिच्या हाडं निघालेल्या हाताकडं पाहिलं आणि तो राग योग्य जागी गेला.

बाहेर येऊन गाऊन खुंटीला टांगला, हात धुतले. आता त्या व्यापाऱ्याच्या घरची दुसरी बाई उभी होती. चौकीदारानं तिच्या कानात काहीतरी सांगितलं. ती म्हणाली, "ईऽ! मी नाही घालत तो." आणि रेशमी साडी सावरत ती तशीच आत गेली. गाऊन नाही. हात धुणं नाही. हातात प्रसादाचा डबा. चौकीदारानं दार उघडून धरलं.

मग कायदा कुठं गेला? हैज्याचे जंतू रेशमी साडी पाहून रस्ता सोडतात का? त्या दारात पहारा रोगावर नव्हताच. माझ्यावर होता. इतके दिवस ऐकून होते, त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं.

मी रोज जात राहिले. दारात रोज भांडण. रोज त्याचा हात हवेत. मायचं सलाईन निघालं, ती हातानं ग्लास धरायला लागली. तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. खादीचा कुर्ता, तोंडात साखर.

"हे बघ मुली, मी स्वतः भेदभाव मानत नाही," ते म्हणाले. "पण लोकांच्या भावना असतात. त्यांच्या तक्रारी आल्यात. म्हणून मार्ग काढलाय." टेबलावर एक गाऊन होता, कॉलरला लाल दोरा शिवलेला. "हा तुमच्या वस्तीसाठी. वेगळी खुंटी ठोकायला सांगितली आहे. आता कोणी अडवणार नाही. झालं ना समाधान?"

ते माझ्या आभारांची वाट पाहत होते. चौकीदारानं निदान तोंडावर हाकललं होतं. हे केसानं गळा कापत होते, आणि वर मी 'उपकार झाले' म्हणायचं होतं.

"हा नको," मी म्हटलं. "सगळ्यायचा तोच द्या."

"मग खिडकी आहेच," डॉक्टर म्हणाले. साखर विरघळली होती.

तिथून निघाले ती सरळ मागं धुलाईघरात गेले. भट्टी धगधगत होती. बाया काठ्या घेऊन उभ्या होत्या. त्यांतल्या कौसाबाई सगळ्यांत जुन्या, मायची मैत्रीण. मी सगळं सांगितलं. दारातलं, रेशमी साडीचं, लाल दोऱ्याचं. ढवळणाऱ्या काठ्या थांबल्या. नुसतं पाणी उकळत होतं.

"पेशंटच्या चादरी उकळा, मावशी," मी म्हटलं. "त्यात हयगय नको. आजारी माणसाचा काय गुन्हा? पण भेटायले येणाऱ्यायचे गाऊन उकळू नका. आपण घालू नाही शकत ते आपण धुवायचे नाही."

कौसाबाईंनी काठी बाजूला ठेवली. "एखादी रेशमी साडी तशीच घुसन, पण उकळलेले गाऊनच नसतीन तं मोठा डॉक्टर कोनालेच आत सोडणार नाही. मोठ्यायलेबी खिडकीतूनच पाहा लागन."

"पाहू द्या."

"अन् तुही माय? पोरी, तू कशी भेटशीन तिले?"

याचा विचार मी येता येताच केला होता. माय अजून उठून बसत नव्हती. मी दिसले नाही तर ती घाबरणार, नोकरी गेली म्हणून मलाच शिव्या देणार. कदाचित नोकरी जाणारही होती. आणि तिला पुन्हा जुलाब लागले, तर मी काचेच्या या बाजूला असणार होते. हे सगळं मला ठाऊक होतं.

"नाही भेटणार," मी म्हटलं. "भेटीन तं सगळ्यायसारखी भेटीन. एकाच खुंटीवरचा गाऊन घालून. नाही तं नाही."

कौसाबाई खाली वाकल्या. उकळायला आलेल्या गाऊनांचं गाठोडं भट्टीपाशी ठेवलेलं होतं. ते त्यांनी उचललं आणि धुलाईघराच्या दाराबाहेर, उतरत्या उन्हात, टाकून दिलं.