आरशात दिसू नये म्हणून

सगळे त्यांना आरसेवाले म्हणत. जुन्या लाकडाच्या चौकटी घासायच्या, पॉलिश करायच्या आणि त्यात आरसे बसवायचे, हा त्यांचा धंदा. हात कसबी, अंगठ्याचं नख कधीकाळी काच लागून मधोमध चिरलेलं; पण जीभ तिखट. त्यात दुकान अशा बोळात, की पत्ता शोधून कंटाळलेलं गिऱ्हाईक वाटेतूनच मागे फिरे. लेक लग्न होऊन लांब गेली, ती जाताना आईच्या फोनवर इन्स्टाग्रामचं पेज उघडून देऊन गेली. "आई, रोज एक फोटो टाकायचा, बस."

आरसेवाले फिसकन हसले होते. "हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. आता आरशाला फोटो कशाला?"

सहा महिन्यांत अनोळखी माणसं फोनमध्ये बघत बघत बोळात शिरायला लागली, तेव्हा त्यांनी ते हसू मुकाट्याने गिळलं.

आता आरशाचा फोटो काढणं काय दिव्य असतं, ते काढणाऱ्यालाच ठाऊक. समोर उभं राहिलं की आपणच त्यात दिसतो. बायकोने पहिला फोटो काढला, त्यात चौकट छान आली होती आणि मधोमध ती स्वतः, बाह्या सरसावून उभी. आरसेवाले भडकलेच. "अगं, गिऱ्हाईक आरसा बघणार की तुला? काढून टाक तो." बिचारीने काढून टाकला. पुढचे दोन-चारही काढून टाकले. मग मात्र ती शिकली. कधी स्टुलावर चढून तिरकी उभी राहायची, कधी फरशीवर पालथी पडायची, कधी समोर पांढरी चादर टांगून तिच्या भोकातून फक्त फोन बाहेर काढायची. पन्नाशीच्या बाईने दुकानात अशा कसरती करायच्या आणि नवऱ्याने हाताची घडी घालून बघायचं, असा सगळा थाट. फोटोत भिंत दिसे, खिडकी दिसे, खिडकीतलं ऊन दिसे. ती दिसत नसे.

"आता कसं!" आरसेवाले म्हणत. एवढ्या दोन शब्दांवर ती दिवसभर खूश असायची. मला विचाराल तर याचाच राग येतो. चार वर्षांत आठशेच्या वर फोटो काढले तिने, आणि त्या माणसाने एकदाही म्हटलं नाही, की थांब, आज तुझा एक काढतो.

एका दुपारी चौकटीला पॉलिश करता करता तिच्या छातीत कळ आली. दवाखान्याचा जिना चढायच्या आतच ती गेली.

दहा-बारा दिवसांनी आरसेवाल्यांनी सागाची एक पट्टी निवडली. आसपासच्या कितीतरी घरांतल्या गेलेल्या माणसांना त्यांनी चौकटी करून दिल्या होत्या. आता घरची चौकट करायची होती, आणि तिच्यात लावायला फोटोच नव्हता. ओळखपत्रावरचा होता, पण त्यात ती चोरी करताना पकडल्यासारखी दिसे. लग्नातल्या फोटोतली एकोणीस वर्षांची मुलगी तर त्यांना स्वतःलाच परकी वाटायला लागली होती. त्यांना हवी होती ती आत्ताआत्ताची, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी. लेकीच्या फोनमध्ये आई होती, पण नातवाला कडेवर घेतलेली. पोर तेवढं स्पष्ट, आजी हललेली.

"पेजवर बघू या," लेक म्हणाली.

दोघं दुकानातच बसले. एकेक फोटो उघडायचा, दोन बोटांनी मोठा करायचा, आरशाचा कोपरा न् कोपरा धुंडाळायचा. कुठे चादरीची कड सापडली, कुठे स्टुलाचा पाय. आठशे आरसे झाले, पण ती एकाही आरशात नव्हती.

"किती शिकली होती गं," आरसेवाले म्हणाले.

शेवटी त्यांनी लेकीकडून पेजवर दुकानाच्या एका फोटोसोबत लिहून घेतलं: हे सगळे फोटो काढणारी माझी बायको वारली. कुणाकडे तिचा एखादा फोटो असेल तर कृपा करून पाठवा. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तो हा प्रकार. पण मन कुठे ऐकतं? खाली माणसांनी हात जोडले, रडके चेहरे टाकले. एकाने मागच्या भिंतीवरच्या आरशाची किंमत विचारली. एकीने लिहिलं, फोटो फार स्वच्छ यायचे, त्या कशा काढायच्या हो?

तिसऱ्या दिवशी दातांच्या एका डॉक्टरीणबाईंचा निरोप आला. पेज नवीन असताना त्यांनी लंबगोल आरसा घेतला होता. घेण्याआधी बहिणीला दाखवायचा म्हणून त्यांनी त्याचा पेजवरचा फोटो आपल्या फोनमध्ये उतरवून ठेवला होता. थोड्या वेळाने बघतात तर तो पेजवरून गायब.

लेकीने फोटो उघडला. आरशात आई होती. फोन छातीशी धरलेला, चष्मा डोक्यावर, तोंड भरून हसत होती. पण अर्धाच चेहरा दिसत होता. उरलेल्या अर्ध्यावर, काचेच्या पुढे, एक हात आडवा आला होता, कुणाला तरी हाकलताना येतो तसा. अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. हात कुणाचा, ते लेकीने विचारलं नाही.

ती म्हणाली, "बाबा, हल्ली फोटोतून हात पुसून टाकता येतो. हातामागचं सगळं फोन आपोआप भरून काढतो."

"मागे तिचा गाल आहे," आरसेवाले म्हणाले. "फोन तो कुठून आणणार?" आणि ज्यांच्या जिभेला सगळे भीत ते आरसेवाले लेकीसमोर ढसाढसा रडले.

चौकट त्यांनी केली. फोटो हातासकट लावला. दुकानात शिरल्यावर समोरच दिसतो. गिऱ्हाइकं चौकटीच्या कामाचं कौतुक करतात, मग हळूच विचारतात, हा मध्ये हात कुणाचा?

"माझा," आरसेवाले सांगतात. "तिला बाजूला हो म्हणत होतो. झाली ती."