आईने राखलेली नाचणी

बेटेगावाच्या अलीकडे आमचा वरकसाचा तुकडा आहे. वरकस म्हणजे चढाची जमीन, जिथे भाताला पाणी ठरत नाही. आई तिथे नाचणी करायची, तीही मनात आलं तर. आमची म्हैस ज्या टेकडीवर चरायची तिला तारेचं कुंपण पडलं, आत गोदामं उभी राहिली, आणि आई म्हशीला नुसत्या पेंढ्यावर जगवू लागली. पेंढ्यावर म्हैस जगते, पण दुधाचं नाव काढायचं नाही. तिच्या बरगड्या दिसायला लागल्या तेव्हा मी ठरवलं, वरकसात गिनी गवत पेरायचं. पावसाळ्यात हिरवं कापायचं, दिवाळीच्या सुमाराचं वाळवून उन्हाळ्याला ठेवायचं. ते लागलं तर म्हैस राहील, नाहीतर शिमग्याच्या आत विकावी लागेल, हे मी आईला सांगून टाकलं. वडील गेल्यापासून घरात तिला बोलायला ती म्हैसच होती. मी बोईसरच्या कारखान्यात पाळ्या करतो. घरी असतो तेव्हा झोपलेला असतो.

"गवत कोन पेरतं काय?" आई हसली. "आमी जनमभर उपटलं, आता तू पेर."

बी इतकं बारीक की फुंकर मारली तर उडेल. खोल गेलं तर उगवत नाही, म्हणून चाळलेल्या मातीत मिसळून वरवरच ओळीने टाकलं आणि करवंदाची फांदी हलकी ओढली. थोड्या दिवसांनी मातीवर हिरवी लव दिसली. मला फार आनंद झाला. आई तेव्हा भाताच्या आवणीत, म्हणजे रोपं लावण्यात, गुंतली होती, तिला वरकसाकडे फिरकायला सवड नव्हती. कुणाच्या तरी तबेल्यात तिने एकदा उसासारखं उंच हिरवं गवत पाहिलं होतं. गिनी म्हटलं की तेच तिच्या डोळ्यांसमोर होतं.

मग कारखान्यात माणसं कमी पडली आणि मला लागोपाठ पाळ्या लागल्या. निघताना दारातून मी म्हणालो, "गवताकडे बघ जरा." मला म्हणायचं होतं, कुणाची गुरं शिरू देऊ नकोस. पण आमच्या घरात या वाक्याचा एकच अर्थ होतो. शेतात तण माजलंय, जाऊन काढ.

तिने काढलं. अंगावर प्लास्टिकची खोळ घेऊन, पावसात वाकून, एकटीने. मी आलो तेव्हा तुकडा अंगणासारखा स्वच्छ होता. बांधावर उपटलेल्या गवताचे ढीग, मुळं वर. मधे मधे मागल्या वर्षीच्या सांडलेल्या दाण्यांची नाचणी तेवढी उभी होती.

"तुजी गिनी काय उगवली नाय बग," आई म्हणाली. "नुस्तं रान माजलेलं. सगलं काढलं. नाचणी तेवढी राखली हाय." वर हेही सांगितलं की त्यातलं कवळाभर म्हशीला घातलं, तिने आवडीने खाल्लं.

माझं डोकंच फिरलं. "तीच गिनी होती!" मी ओरडलो. आई बांधावर गेली, ढिगातून निवडून निवडून गिनीच्या काड्यांच्या मुठी बांधल्या आणि भाताची आवणी करतात तशी पुन्हा लावायला लागली. मी नको म्हणालो, तिने ऐकलं नाही. मीही शेवटी चिखलात उतरलो. अंधार पडेपर्यंत आम्ही दोघं गवत लावत होतो. एवढा मूर्खपणा आयुष्यात मी केला नाही, आणि एवढी आशाही कधी धरली नाही.

भाताचं खाचर पाणी धरतं, वरकस धरत नाही. पुढे उघाड पडली आणि काड्या पिवळ्या होऊन आडव्या झाल्या. चार-दोन ठोंब लागले. त्यात म्हशीची एका वेळचीही वैरण निघाली नाही.

शिमग्याआधी वाणगावकडचा व्यापारी टेम्पो घेऊन आला. म्हैस फळीवर चढेना. त्याच्या माणसाने काठी उचलली तशी आई पुढे झाली, "थांब, मारू नको," म्हणाली आणि स्वतः आधी टेम्पोत चढली. तिच्यामागे म्हैस निमूट चढली. मग आई एकटी उतरली.

या पावसाळ्यात आवणीनंतर आई आमच्याच खाचरात उभी होती. निंदायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. एका रोपाला हात लावून तिने मला हाक मारली.

"हे भात हाय ना रे? का गवत?"

कोवळं भात आणि त्याच्यासारखंच दिसणारं तण मला आजवर कधी ओळखता आलेलं नाही. आई हात थांबवून वाट बघत होती. मी म्हणालो, "भात आहे." तिने ते सोडलं आणि पुढच्या रोपाला हात लावून पुन्हा विचारलं.