जत्रेतली नवरी

पदराचं टोक कपाळापासून हनुवटीपर्यंत एकदा फिरवलं, की बाई तयार. पदराआड ताप असो की भूक, बाहेर यायची ती प्रेमात पडलेली सोळा वर्षांची पोर. वर म्हणायची, "काम ता काम."

पेडण्यातल्या आमच्या गावची ही एकुलती एक सिनेमातली नायिका. चित्रपट दोन-तीनच, पण मयेच्या तळ्याकाठचं तिचं गाणं तुम्ही पाहिलं असेल तर ते हसू विसरला नसाल. त्या गाण्याच्या चित्रीकरणादिवशी तिचा नवरा इस्पितळात होता. डिचोलीच्या खाणीवर त्याचा ट्रक उलटला होता. नायक कानाशी गुणगुणत होता आणि बाईला परतीची बस चुकायची धास्ती.

नवरा अंथरुणाला खिळला तो खिळलाच. चित्रपट सुटले. त्याला पेज भरवून ती जत्रेच्या नाटकाच्या तालमीला यायची. तिथली नायिका तीच.

तो गेला, त्याच वर्षाची गोष्ट. गोवा घटकराज्य व्हायच्या गडबडीचे, भाषेच्या भांडणाचे दिवस. नाटक मराठी की कोकणी, यावरून आमची कमिटी एकमेकांचं तोंड बघत नव्हती. पण देवळासमोर विधवेनं नाटकातसुद्धा नवरी व्हायचं नाही, यावर दोन्ही बाजूंचं लगेच एकमत! मी नाटकाचा प्रॉम्प्टर. माझं डोकंच फिरलं.

ती बैठकीत येऊन उभी राहिली.

"पिक्चरात मी विधवा झालंय, तेवां घोव घरात जितो होतो. तेवां कोण माझा कुकू पुसूक इल्लो? मगे आता खोट्या लग्नाक कित्याक भियातात?"

अध्यक्ष घुटमळले. "बरां. पण तुज्यावांगडा न्हवरो कोण जातलो?"

आमचे शूर नायक एकेक करून आजारी पडले. उरलो मी. नाटक मला पाठ होतं. विधवेला मंगळसूत्र बांधणारा फार दिवस जगत नाही, म्हणत आईनं घरात जेवण सोडलं.

खरं सांगतो, मंगळसूत्र बांधताना मीही गाठ मारायची सोडून देवळाकडे बघितलं. मान खाली घालून ती पुटपुटली, "बांद रे. माझो घोव एकच होतो, तो गेलो. तुका कायएक जावचा नाय."

मग तिनं तोंड वर केलं आणि तेच तळ्याकाठचं हसू हसली. डोळे भरले होते, पण पदराला तिनं हात लावला नाही.

आता तीही नाही. मी मात्र सत्तरी ओलांडून धडधाकट आहे. दर जत्रेला त्या कमिटीवाल्यांसमोर मुद्दाम जाऊन उभा राहतो.