सनाची उत्तरं मीच देत होते

मैत्रिणींनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

माझी लेक सना डॉक्टर व्हायला स्लोव्हाकियाला जायचं म्हणतेय. जेद्दात मी ज्या हॉस्पिटलात नर्स आहे, तिथली फिजिओथेरपिस्ट मार्टिना मूळची तिकडचीच. आज शुक्रवारची सुट्टी, तिला जेवायला बोलावलं. म्हटलं, एकदाचं सगळं विचारून घेऊ.

तिने दारातच शूज काढले आणि सपाता मागितल्या. म्हणाली, "आमच्याकडे पाहुण्यांसाठी घरात घालायच्या सपाता ठेवलेल्याच असतात." मला जरा बरं वाटलं. चपला दारात काढणारी माणसं आहेत म्हणजे!

मग थंडी, हॉस्टेल, हलाल खाणं, माझे प्रश्न काही संपेनात. मध्येच मार्टिनाने सनाला विचारलं, "कुठला विषय आवडतो तुला?"

"बायोलॉजी," मी म्हटलं.

"आमची भाषा शिकशील?"

"शिकेल की, हुशार आहे," परत मीच.

मार्टिनाने चमचा खाली ठेवला. "तिकडे बऱ्याच परीक्षा तोंडी असतात. प्रश्नाची चिठ्ठी उचलायची आणि प्रोफेसरसमोर बसून बोलायचं. तेव्हा तू शेजारी नसशील." मग सनाकडे वळून म्हणाली, "भीती वाटते?"

"छे, अजिबात नाही!" मी म्हटलं.

त्याच वेळी सना म्हणाली, "यस."

मार्टिना गेली. सना तिच्या खोलीत आहे आणि मी घरभर फेऱ्या मारतेय. तुमच्याकडेही असंच होतं का गं? दोनदा तिच्या दारापर्यंत जाऊन परत आले. भीती कसली वाटते, एवढंच विचारायचंय. पण विचारलं, की उत्तरही मीच देऊन मोकळी होईन.