वारा आत जातो, बाहेर येत नाही

सकाळचे साडेदहा झाले असतील. पेडण्याच्या ज्या कचेरीत मी कारकून आहे, तिथे त्या वेळी दाखल्यांसाठी रांग असते. एका हाताने शिक्का मारत मी फोन घेतला. भाऊ म्हणाला, "शैला गेली गो..." मी विचारलं, "खंय?" शैलावहिनी दोन दिवसांपूर्वीच मयेला माहेरी गेली होती, त्यामुळे पुढे आणखी कुठे गेली असेल एवढंच माझ्या मनात आलं. फोनवर त्याचा हुंदका ऐकू आला. मग कळलं.

त्याला आज पाच आठवडे झाले.

लग्न होऊन ती आमच्या घरी आली तेव्हा गणेशचवथीच्या फुगड्यांत अख्ख्या वाड्यात तिच्या तोडीचं कोणी नव्हतं. गाणं तीच उचलायची, फेर तीच धरायची. सात-आठ वर्षांपूर्वी मात्र ती मध्येच थांबू लागली. फोडणीचा खकाणा उठला की खोकायची, देवासमोर धूप पेटला की उठून अंगणात जायची. मी अविवाहित, त्याच घरात राहणारी नणंद. तिने सोडलेलं काम माझ्याच अंगावर यायचं. एका चवथीला नेवऱ्या, म्हणजे करंज्या, तळायच्या वेळी ती अशीच बाहेर गेली, आणि तिला ऐकू जाईल अशा बेताने मी म्हटलं, "कामाच्या वेळाच बरो दम लागता गो हिका!" ती वळली. छातीवर हात ठेवून एवढंच म्हणाली, "वारो भितर वता, पूण भायर येना."

आधी एका दवाखान्यात तिला नळीत जोराने फुंकायला लावलं होतं. आकडे चांगले आले. मनावर घेऊ नका, असं सांगून तिला परत पाठवलं. मला तर पुरावाच मिळाला! पुढे भाऊ हट्टाने तिला पणजीला छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला, सोबतीला मी. तिथल्या एका यंत्रात जोर न लावता नुसता सावकाश श्वास घ्यायचा होता. दुसऱ्या खेपेला एका औषधाची वाफ थोडी थोडी वाढवत हुंगायला दिली. अगदी थोडक्या वाफेनेच तिची छाती आवळली आणि डॉक्टरांनी तपासणी थांबवली. ते म्हणाले, "दमाच आहे. श्वासनळ्यांचं झाड धरलं तर फांद्या ठीक आहेत, दुखणं शेवटच्या काटक्यांत आहे. त्या बारीक नळ्यांत हवा अडकून राहते, आणि जोरात फुंकलं तरी ते दिसेलच असं नाही. शिवाय यांच्या नळ्या फार लवकर चवताळतात. ज्या धुराने तुम्हाला शिंक येईल, त्याने यांचा श्वास कोंडेल." परतताना बसमध्ये वहिनी रडली. आजाराचं दुःख असेल म्हणून मी तिचा हात धरला, तर ती म्हणाली, "म्हणजे हांव सोंग करी नाशिल्लें, न्ही?" ते सोंग नव्हतं हे कबूल करायचं सोडून मी पर्समधली सुटी नाणी मोजू लागले...

रोज दोन वेळा ओढायचा पंप सुरू झाला आणि काही महिन्यांत ती पालटली. पुढच्या चवथीला पुरी फुगडी घातली. आणि इथे जे लिहायचं आहे ते लिहिताना हात थांबतो. दिवाळीनंतर एका सकाळी तिला पंप ओढताना पाहून मी म्हटलं, "आता बरी आसा मगो तू? मग रोज कित्याक तो?" बरं वाटलं तरी सोडायचा नाही, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर बजावलं होतं. पण ती हसली, आणि थोड्याच दिवसांत तो पंप कपाटात गेला. अचानक दम लागला तर ओढायचा निळा पंप तेवढा पिशवीत राहिला.

मयेला त्या सकाळी शेजारच्या अंगणात काजूच्या बिया भाजत होते. तो काळा, तेलकट, झोंबणारा धूर घरात शिरला. तिने निळा पंप ओढला, पुन्हा ओढला. "जातलें बरें," असं आईला सांगत दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. तिच्या आईने मला सांगितलं, शेवटी खोकलासुद्धा थांबला होता, म्हणून त्यांना वाटलं उतार पडला. गाडी मिळाली, पण डिचोलीचं इस्पितळ गाठायच्या आतच...

बाराव्यानंतर मी एकटीच पणजीला डॉक्टरांकडे गेले. पंप सुटला नसता तर ती वाचली असती का, विचारलं. "नक्की कोणी सांगू शकणार नाही," ते म्हणाले, आणि टेबलावरचे कागद सारखे करत राहिले. भावाला मी अजून काही सांगितलेलं नाही. हा लेख तो वाचेल.

गेल्या आठवड्यात तिच्या साड्या आवरताना फुगडीच्या गाण्यांची वही सापडली. ओळींमध्ये पेन्सिलीच्या बारीक उभ्या रेघा होत्या. आधी मला कळेना. मग एक गाणं हलक्या आवाजात म्हणून पाहिलं, तेव्हा उमगलं, श्वास कुठे घ्यायचा त्याच्या त्या खुणा. पहिल्या पानांवर दोन ओळींमागे एक. पुढे ओळीला एक. शेवटच्या पानांवर, दर दोन शब्दांनंतर.